लिंबाची फोड आणि उधारीची वही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'चाळिशीनंतरही चेहरा तजेलदार' या मथळ्याखाली तुम्ही सात घरगुती उपाय छापलेत. त्यातला चौथा असा: लिंबाच्या फोडीवर साखर घालून ती चेहऱ्यावर चोळावी आणि पंधरा मिनिटांनी तोंड धुवावं. मंगळवारी सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होते, तेवढ्यात माझं एक जुनं गिऱ्हाईक तोंडाला ओढणी गुंडाळून आत आलं. अंगणवाडीत मदतनीस आहेत, वय बेचाळीस. ओढणी सोडली तर दोन्ही गाल लालभडक, आणि जबड्यावरून मानेपर्यंत एक तपकिरी ओघळ, अंगावर चहा सांडून वाळावा तसा. रविवारी सकाळी लिंबू चोळलं, घाईघाईत पाण्याचा हबका मारला आणि स्कूटीवर बसून नंदगडला पाहुण्यांकडे गेल्या. उन्हातून गेल्या, उन्हातूनच आल्या.

"हे काय करून घेतलंस गं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "पेपरात आलं होतं की वं."

म्हणून हे पत्र. सीमाभागातून पत्र आलं म्हणजे ते फलकांचं, कोर्टातल्या दाव्याचं, नाहीतर म्हादईच्या पाण्याचं असणार, असं तुमच्या कचेरीत धरून चालत असतील. हे तोंडाचं आहे. मी खानापुरात ब्यूटी पार्लर चालवते. 2004 साली महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा लावला, त्याच वर्षी मी दुकान लावलं. दोन्ही अजून चालू आहेत. (आमच्याकडं बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. पेपराला लिहायचं म्हणून मी इथं जपून 'करते' लिहिते आहे, मधेच घसरले तर दुरुस्त करून घ्या.)

आधी लिंबाचं सांगते. लिंबाचा रस भयंकर आंबट, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) दोनच्या आसपास. आपल्या कातडीचा पाचच्या आसपास. तेवढ्यानं नुसती आग होऊन भागलं असतं. पण लिंबाच्या सालीत आणि रसात अशी काही द्रव्यं असतात, जी कातडीवर राहिली आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखं होतं. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. म्हणून बाईला वाटतं की पाहुण्यांकडच्या जेवणात काहीतरी बाधलं. लाली आठ-दहा दिवसांत उतरते, मागं राहिलेला काळा डाग महिनोनमहिने राहतो. साखरेच्या कण्या वर आणि. चाळिशीतल्या कातडीला साखर चोळायची म्हणजे जुन्या नऊवारीला घासणी लावण्यातला प्रकार.

बाकीच्या सहांपैकी साय आणि मध यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. लावा, धुवा, कोरड्या तोंडाला जरा बरं वाटतं. मुलतानी माती आणि डाळीचं पीठ मात्र विशीतल्या तेलकट तोंडाचे उपाय आहेत. कॉलेजच्या पोरीच्या नाकावर तेल जमतं, तिला ते चालतं. आपल्या वयात तेल आधीच आटत आलेलं असतं, त्यात आठवड्यातून तीनदा माती थापली की तोंड उन्हाळ्यातल्या तळ्यासारखं भेगाळतं. आणि खाण्याचा सोडा कुणी कशासाठी सुचवला, मला खरंच कळलं नाही. तो भज्यांत घाला.

आता माझं. हे लिहायला मला धीर लागला आहे, म्हणून एका दमात लिहिते.

बेळगावात सहा महिन्यांचा कोर्स करून मी दुकान टाकलं, तेव्हा माझं वय चोवीस. थ्रेडिंगचे दहा रुपये घेत होते. पहिली चार-पाच वर्षं क्लीनअप, फेशियल, ब्लीच, लग्नसराईत नवरीचा मेकअप, एवढंच होतं. मग गिऱ्हाइकं विचारायला लागली, "अक्का, रोज लावायला काहीतरी दे की, डाग जाईल असं." आमच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या बाईनं मला 'फॉर्म्युला' सांगितला. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणायची, डॉक्टरची चिठ्ठी कुणी विचारत नव्हतं, ती कोल्ड क्रीममध्ये घोटायची आणि छोट्या डब्यांत भरायची. एक डबी साठ रुपये. पहिल्या आठ दिवसांत तोंड असं उजळायचं की बाई दुसऱ्या डबीला शेजारीण घेऊन यायची. लग्नाच्या महिन्यात मी तीस-तीस डब्या विकल्या आहेत. त्या ट्यूबवर काय लिहिलं होतं ते मी कधी वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तरी कळलं नसतं, अक्षर मुंगीएवढं आणि सगळं इंग्रजी.

मी स्वतः पण तेच लावत होते. धाकट्या मुलीच्या वेळी माझ्या गालांवर वांग उठले ते बाळंतपणानंतरही गेले नाहीत. पार्लरवालीच्याच तोंडावर वांग असले तर कोण येणार? पाच वर्षं रोज रात्री लावलं. पहिली दोन वर्षं छान गेली. मग चुलीपुढं बसलं की तोंड तापून लाल व्हायला लागलं. गालांवर बारीक तांबड्या शिरा दिसायला लागल्या, कौलावर कोळ्यानं जाळं विणावं तशा. हनुवटीवर आणि कानशिलाजवळ केस वाढले. तेही मी दोऱ्यानं काढत होते, हातचाच धंदा. एक दिवस नाही लावलं की खाज आणि आग, म्हणून परत लावायचं. आणि वांग? ते होते तिथंच, उलट दाट झालेले.

2017 च्या उन्हाळ्यात बेळगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी भिंगातून गाल बघितला आणि विचारलं, "काय लावत होता?" मी म्हटलं, "काही नाही, घरचंच." माझी थोरली मुलगी, तेव्हा दहावीत होती, तिनं माझ्या पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

त्यांनी जे सांगितलं ते अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत होतं, पण सगळं समजलं. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं असतात. एक काळेपणा फिका करणारं, एक अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं, आणि तिसरं स्टेरॉईड. डॉक्टर ती ट्यूब देतात, नाही असं नाही, पण वांगांवर, मोजक्या आठवड्यांसाठी, नजरेखाली. स्टेरॉईड कातडीची सूज आणि लाली दाबतं, रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून तोंड पहिल्यांदा गोरं दिसतं. वर्षानुवर्षं लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, आतल्या शिरा वर दिसतात, मुरमं आणि केस येतात, आणि सोडलं की दाबून ठेवलेलं सगळं दुपटीनं उसळून येतं. म्हणून सोडवत नाही. दारूसारखंच म्हणायचं.

मला त्यांनी ते उतरत्या क्रमानं सोडायला लावलं. तरीसुद्धा तोंड सुजलं. तीन आठवडे दुकानाचं शटर खाली. शेजारी विचारायचे, "गावाला गेली होतीस काय?" रात्री थंड पाण्याची पट्टी तोंडावर ठेवून मी बसत असे आणि एकच विचार डोक्यात, तीस डब्या, तीस डब्या. कातडी माणसात यायला वर्षभर गेलं. शिरा थोड्या राहिल्या त्या राहिल्याच.

दुकान उघडल्यावर पहिलं काम म्हणजे उधारीची वही काढली. कोणाकोणाला डब्या दिल्या त्यांची नावं रोखीत सापडत नाहीत, उधारीत सापडतात. अकरा नावं निघाली. अकराही जणींच्या घरी गेले. काही हसल्या, काहींना पटलं, एकीनं दार लावून घेतलं ते आजवर उघडलेलं नाही. तिच्या मुलीच्या लग्नाचा मेकअप दुसरीकडं झाला. बरोबरच आहे तिचं.

मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं स्टेरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. नियम चांगला आहे. तो आमच्या तालुक्याच्या ठिकाणापर्यंत कितपत पोचला, ते कुठल्याही बाजारदिवशी औषधाच्या दुकानाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. म्हणून तुमच्या वाचकांनी घरातली ट्यूब काढून स्वतःच बघावी. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, यांपैकी काहीही नाव दिसलं तर ते तोंडाला रोज लावायचं क्रीम नव्हे. पण लावत असाल तर हे पत्र वाचून आजच्या आज फेकूनही देऊ नका. डॉक्टरांकडं जा, सोडायची पण पद्धत असते.

आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नसतं ती तर हातातसुद्धा धरू नका. अकोल्यात एकाच घरातल्या मुलींच्या आणि आईच्या किडन्यांवर परिणाम झाला, आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर त्यांच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा निघाला, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात असेच रुग्ण सापडले. पारा रंग अडवतो हे खरं. तो रक्तात उतरून किडनीपर्यंत जातो हेही खरं. मी विकलेल्या डब्यांत पारा नव्हता. पण तेव्हा कुणी आणून दिला असता, तर मी तोही घोटला असता.

मग चाळिशीनंतर तोंडाला करायचं काय, असं माझी गिऱ्हाइकं विचारतात. तुमच्या पुरवणीच्या सातही उपायांत ऊन हा शब्द एकदासुद्धा आलेला नाही. सगळ्यात मोठा प्रश्न तर तिथंच आहे.

माझ्या भावाचं उदाहरण देते. तो बावीस वर्षं भाजीचा टेम्पो चालवतो. बेळगावच्या मार्केटातून माल भरायचा आणि चोर्ला घाटातून गोव्याला उतरवायचा. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी त्याच्या तोंडाला थोडं पावडर लावायला गेले आणि हात थांबला. उजवा गाल काळवंडलेला, डोळ्याच्या कडेला पंख्यासारख्या सुरकुत्या, आणि डावा गाल दहा वर्षांनी तरुण. उजवी बाजू खिडकीची. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतला म्हातारा ट्रक ड्रायव्हर, अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेला, 2012 साली डॉक्टरांच्या मोठ्या साप्ताहिकात छापून आलेला. तिकडं ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो म्हणून त्याचा डावा गाल तसा लोंबलेला, सुरकुतलेला. माझा भाऊ त्याची आरशातली प्रतिमा.

झालं काय, तर उन्हात दोन तऱ्हेची किरणं असतात. बी किरणं कातडी भाजतात, ती काचेतून फारशी येत नाहीत. ए किरणं भाजत नाहीत, म्हणून कळतही नाहीत, पण ती काचेतून आत येतात, ढगांतून येतात, आणि कातडीच्या आतल्या थरातला ताणा-बाणा तोडतात. कोलॅजन म्हणतात त्याला. वडगाव-शहापूरच्या मागावर साडी विणलेली ज्यांनी बघितली आहे त्यांना समजावून सांगायला नको. बाणा तुटला की कापड झोळतं.

विशी ओलांडल्यावर हे कोलॅजन दरवर्षी साधारण एक टक्क्यानं कमी होत जातं, असं डॉक्टर सांगतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर जवळजवळ 30 टक्के जातं. हे वाचून घाबरायचं कारण नाही, पण बायका म्हणतात ना, "एकाएकी तोंड उतरलं गं," ते एकाएकी का वाटतं ते यात आहे. त्यात आपण आधीची वीस वर्षं भातलावणीत, वीटभट्टीवर, गाडीवर मागं बसून ऊन खाल्लेलं असतं. त्याची बाकी पण त्याच वेळी वसूल होते.

सनस्क्रीनबद्दल माझ्या दुकानात रोज वाद होतो. "पावसात कशाला?" हा पहिला. खानापुरात पाऊस म्हणजे काय ते जांबोटी-कणकुंबीच्या लोकांना विचारा, चार महिने सूर्य दिसत नाही. पण ढगाळ दिवसालाही ए किरणं असतात. "माझी पन्नास नंबरची आहे," हा दुसरा. ट्यूबवरच्या त्या नंबराला एसपीएफ म्हणतात. एसपीएफ तीसची ट्यूब 97 टक्के बी किरणं अडवते, पन्नासची 98. म्हणजे वीस नंबरांचा फरक एका टक्क्याचा. तो नंबरही बी किरणांचाच, ए किरणांसाठी ट्यूबवर 'पीए' (PA) या अक्षरांपुढं अधिकची चिन्हं किती आहेत ते मोजायचं, तीन किंवा चार हवीत. आणि तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही, किती लावायची? तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ, एवढी तोंडाला आणि मानेला. रोज एकदाच लावली तरी 50 ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. माझ्याकडं एक बाई आहेत, त्यांनी एक ट्यूब दोन दिवाळ्या पुरवली आणि वर मला सांगतात, काही उपयोग नाही गं.

वांग असतील तर आणखी एक. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वांग गडद होतात. पांढऱ्या सनस्क्रीननं तो उजेड फारसा अडत नाही. रंग असलेली, मातकट छटेची जी मिळते तिच्यात लोहाचं ऑक्साईड असतं, म्हणजे गेरूचाच भाऊबंद, ती त्याला अडवते. मी तीच वापरते.

पण आता खरं बोलूया. चारशे-पाचशेची ट्यूब दीड महिन्याला, हे आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांना परवडत नाही. रोजंदारीवर रोप लावायला जाणाऱ्या बाईला मी सनस्क्रीन सांगत नाही. तिला मी पदर सांगते. दाट विणीचा, गडद रंगाचा, पुढं कपाळावर ओढलेला, वर काठाची टोपी. बांधावरचं काम सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर ओढता आलं तर उत्तम, नाही आलं तर पदर आहे. आमच्या आज्या पदर लाजेनं पुढं ओढत होत्या असं आपण समजतो. ऊन लागू नये म्हणूनही ओढत असतील.

दुसरं, धुणं. थंडीत बंबातलं कढत पाणी तोंडावर घ्यायची आपल्याकडं सवय. त्यात अंगाचा साबण. साबणाचा पीएच नऊ-दहा, म्हणजे लिंबाच्या बरोबर उलट टोक. रात्री एकदा फेस न येणाऱ्या सौम्य फेसवॉशनं, सकाळी नुसत्या कोमट पाण्यानं, एवढं पुरे होतं. तोंड ओलसर असतानाच क्रीम लावायचं, साधं, बिनवासाचं. महाग क्रीम न परवडणाऱ्यांनी व्हॅसलीनचा पातळ हात रात्री फिरवला तरी चालतो. मुरमं येत असतील तर मात्र खोबरेल तेल तोंडाला नको, त्यानं छिद्रं बुजतात. केसांना लावा की खुशाल.

सुरकुत्यांवर ज्याचा उपयोग होतो असं सगळ्यांत जास्त तपासलेलं औषध म्हणजे ट्रेटिनॉईन, तेच अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. त्याची गंमत अशी की अमेरिकेत 1971 पासून ते मुरमांवर म्हणून मिळत होतं. वयस्क बायकाच डॉक्टरला सांगायला लागल्या की मुरमांबरोबर तोंडही नितळ होतंय, तेव्हा कुठं डॉक्टरांनी सुरकुत्यांवर प्रयोग करून 1986 साली ते मांडलं. मला डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांनी, कातडी सुधारल्यावर दिलं. रात्री, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा. फरक दिसायला चार महिने लागले, पहिला महिना तर सालं निघत होती. दिवस राहिलेल्या बाईनं किंवा तशी इच्छा असलेल्या बाईनं ते लावायचं नाही. हे मी माझं सांगितलं, तुम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. फॉर्म्युला सांगायची माझी हौस फिटली आहे.

तोंडावर काही गोष्टी अशाही दिसतात, ज्यांचं मूळ तोंडात नसतंच. मानेवर आणि कानशिलावर मळल्यासारखा मखमली काळा पट्टा आला की बायका तो घासतात. दगडानं घासलेला मी बघितला आहे. तो मळ नाही, साखरेची चाहूल असते बऱ्याचदा. मी आता अशा बाईला फेशियल करत नाही, आधी रक्त तपासून ये म्हणते. गेल्या दोन वर्षांत तिघींना शुगर निघाली. तोंड सुजट, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, कातडी कोरडी ठणठणीत, तर थायरॉईड बघायला सांगते. फेशियलचे पाचशे बुडतात, पण हल्ली नवरे पण बायकोला माझ्याकडं बिनधास्त पाठवतात.

टिकली. कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर गोल पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही बघितल्या असतील. कोड म्हणून घाबरतात, मुलींची लग्नं अडतात. बऱ्याचदा तो टिकलीच्या डिंकातल्या रसायनाचा प्रताप असतो. खाज सुटायला लागली की टिकली थांबवावी, जागा बदलत राहावी, रात्री काढून ठेवावी. आरशावर चिकटवलेली कालचीच टिकली रोज लावायची ही आपली काटकसर, त्यात धूळ आणि घाम पण.

आणि केसांचा कलप. चाळिशीचं खरं दुखणं ते. कलपातल्या पीपीडी नावाच्या रसायनानं काही जणींचं कपाळ आणि कानशिलं हळूहळू काळी पडतात, वांगासारखी. बाई तोंडाला लावायची क्रीमं बदलत राहते आणि कारण डोक्यावर असतं. 'काळी मेंदी' म्हणून जी पुडी मिळते तिच्यातही बहुतेक वेळा तेच. मेंदी काळी रंगत नसते, आपल्या अंगणातल्या झाडाला विचारा. आधी कानामागं थोडा लावून दोन दिवस वाट बघायची, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. दोन दिवस आधी आठवण कुणाला होते? लग्न उद्या असतं.

पत्र लांबलं. मागणं दोनच आहेत. आरोग्याचा आणि चेहऱ्याचा मजकूर छापताना तो कुणी लिहिला, त्याचं शिक्षण काय, ते खाली छापा. माझ्यासारख्या सहा महिन्यांच्या कोर्सवालीनं लिहिलं असेल तर तसं छापा, वाचक ठरवतील. आणि त्याच पानाच्या खाली 'सात दिवसांत डाग गायब' अशी जाहिरात घेत जाऊ नका. कातडीचा वरचा थर नवा व्हायलाच तरुणपणी अठ्ठावीस दिवस लागतात, आपल्या वयात त्याहून जास्त. सात दिवसांत जे दिसतं ते काय असतं, हे मी वर लिहिलं आहे.

अंगणवाडीच्या बाईंना मी डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. डाग जायला सहा महिने लागतील म्हणाल्या. त्यांनी तुमचं ते पान कापून पर्समध्ये ठेवलं होतं, डॉक्टरांना दाखवायला.

एक राहिलंच. 2024 मध्ये कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम आला, तेव्हा मलाही दुकानाचा बोर्ड नवा करावा लागला. जुन्या बोर्डावर माझ्या नावाखाली 'गोरेपणाची हमी' असं मी स्वतः रंगवून घेतलं होतं. ती ओळ मी नव्या बोर्डावर घेतली नाही, मराठीतही नाही आणि कन्नडातही नाही. गल्लीत महिनाभर चर्चा चालली होती, अक्षरं केवढी, वर कुठली भाषा, खाली कुठली. दोन्हीकडची पोरं येऊन मोजून गेली. एक ओळ कमी झालीय, हे आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

आपली वाचक,
एक पार्लरवाली
खानापूर, जि. बेळगाव

ता. क. नाव छापू नये ही विनंती. वहीतल्या अकरापैकी नऊ जणी अजून माझ्याकडं येतात.